रिकाम्या घरट्यावरचं पाखरू

फोन आला तेव्हा मी अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. आमच्या नंदुरबारकडची मिरची, हात नुसते भणभणत असतात. मनगटानंच फोन कानाशी दाबला. पुतण्या होता, शालूचा मुलगा, दवाखान्यातून बोलत होता. "मोठी माय... मम्मी गई वं," एवढंच बोलला. डोळे भरून आले आणि मी विसरून ते हातानंच पुसले. मग काय विचारता! तशीच अनवाणी शेजारच्या दारात जाऊन उभी राहिले. बाया म्हणाल्या, थोरली जाऊ बघा कशी रडते. काही रडणं होतं, काही मिरची होती. शालूला सांगितलं असतं तर पोट धरून हसली असती.

शालू माझी धाकटी जाऊ. पण मला वहिनी कधी म्हणाली नाही, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं जिजीच म्हणे. सारंगखेड्याजवळ तापीच्या काठी आमचं गाव, भिंतीला भिंत लागून घरं. तिचा मुलगा सुरतेला नोकरीला. त्यानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना आईला दिला, नातवाचे फोटो काढ म्हणून. आता नातू सुरतेत अन् कॅमेरा इथं, फोटो काढणार कुणाचे? बाई नदीत उतरली. थंडीत पाणी ओसरलं की गाळावर पाखरं येतात. लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाटे, सारखी शेपटी हलवणारे तुतवार, आणि सगळ्यांत बारका चिखल्या... गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं, जणू मास्तरांचा चष्मा. मोबाइलवर पाखरंवाल्यांचा एक ग्रुप होता, तिथं विचारून विचारून तिनं नावं शिकून घेतली आणि मलाही शिकवली. मी आपली छत्री धरून मागं मागं.

गाव टवाळी करायचंच. घोड्यांच्या यात्रेत शेजारचे आप्पा म्हणाले, "शालूबाई, घोडाबजारमा जा ना कॅमेरा लिसन. घोडा कसा बाका दिखस! त्या चिखलमातल्या चिमन्या काय काढतीस?"

"आप्पा, घोडा मान वर करीसन पोज देस, तुमन्यासारखा," ती म्हणाली. "मन्हं पाखरू कोनाकडेच देखत नही. म्हनीसन ते चांगलं."

आप्पांची मिशी खाली आली. अशी होती ती. पण मला सांगायचंय ते पुढचं आहे.

उन्हाळ्यात चिखल्या पात्रातल्या गोट्यांतच अंडी घालतो. घरटं म्हणजे काय, वाळूत बोटभर खळगा. अंडी अशी की गोटे कोणते आणि अंडी कोणती, कळू नये. शालूला तशी चार अंडी सापडली. रोज लांबून बघायची, जवळ जायची नाही. एका सकाळी बघतो तर नदी चढायला लागलेली. खाली बंधाऱ्याला पाणी अडवलं की आमच्याकडं ती फुगते, हे सवयीचं. पण शालूचा जीव राहीना. तिच्या माहेरी कोंबड्या होत्या. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की टोपलीसकट उचलून इकडची तिकडं ठेवायची, ती बसतेच, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. "जिजी, टोपली हालवी तरी कोंबडी बठसच ना?" असं म्हणत तिनं पदरात वाळू घेतली, त्यावर अंडी घेतली आणि वर काठाशी तसाच खळगा करून हळूच ठेवली. गोटेसुद्धा तसेच रचले. आम्ही लांब जाऊन बसलो.

पाखरू आलं. जुन्याच जागी गेलं. गोल फिरलं, पुन्हा फिरलं... आणि रिकाम्या खळग्यावर पंख पसरून बसलं. वरची अंडी उन्हात तापत होती. शालू कॅमेऱ्यातून बघत होती, बटण कधी दाबलं तिचं तिलाही कळलं नाही. तिनं अंडी परत खाली नेऊन ठेवली, पण आमच्या धावपळीनं ते पाखरू जे उडालं ते आलंच नाही. आणि पाणी? पाणी त्या खालच्या खळग्याच्या हातभर अलीकडं थांबलं. संध्याकाळी उतरूनही गेलं.

मुलगा सुटीत आला तेव्हा त्यानं तो फोटो कॅमेऱ्यातून घेऊन तिच्या मोबाइलवरून ग्रुपवर टाकला. काय सांगू, कौतुकाचा पूर! काय शांत बसली आहे आई, काय डोळ्यांतली माया. शालू उत्तर लिहायला घ्यायची, अर्धं लिहायची, पुसून टाकायची. मुलानं तो मोठा करून फ्रेममध्ये घातला आणि तिच्या खोलीत लावला. तिनं नको म्हटलं नाही. पण त्यानंतर कॅमेरा घेऊन ती नदीवर गेली नाही. छाती भरते, चालवत नाही, असं सांगायची. चालवत नव्हतं हे खरंच. पण तेवढंच खरं नव्हतं.

शेवटी शेवटी तिचा श्वास फार लागायचा. मी पाठ चोळत होते. भिंतीकडं बघत म्हणाली, "जिजी, लोके येतस, हात जोडतस त्याले. मन्हा तोंडे निंघत नही... तू सांगजो."

"काय सांगू वं?"

"खाले काही नही, ते."

मी हो म्हटलं. आणि तेराव्याला ती फ्रेम तिच्या फोटोशेजारी हार घालून ठेवलेली बघितली, तेव्हा माझ्याही तोंडातून निघेना. परवा पुतण्या म्हणाला, "मोठी माय, मम्मीच्या आठवणीसाठी या फोटोचं कॅलेंडर छापतोय. खाली लिहितो, आईची माया."

मग मात्र मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. तो उठून फ्रेमजवळ गेला. म्हणाला, "म्हणजे मम्मीनंच..." मग हळूच, "माया नव्हती का मग ती?"

माया होती म्हणून तर हे झालं, असं म्हणावं, तर चार अंडी समोर येतात. नव्हती म्हणावं, तर तिचा तो वाळूनं भरलेला पदर आठवतो. कॅलेंडरच्या ओळीत हे मावणारं नाही, म्हणून इथं लिहिलं. शालू, सांगितलं गं बाई मी.

कॅलेंडरचं पुतण्यानं अजून काही ठरवलेलं नाही. फ्रेम भिंतीवर तशीच आहे. भेटायला येणारे खोलीत शिरतात, मोठ्यानं बोलत येतात आणि फोटो दिसला की आपोआप आवाज खाली आणतात. पाखरू अंड्यांवर बसलंय ना... ते उठू नये म्हणून.