मायाप्पाचं शून्य

मायाप्पाला कुणीही विचारावं, "पाय कसा हाय?" की याचं उत्तर ठरलेलं, "झकास!" अहो, कसला झकास! तिसऱ्या वर्षी पोलिओनं उजवा पाय नेला आणि साठीत त्याच जुन्या दुखण्यानं उरलेलं अंगही धरलं. कंबर, खांदा, मनगट, सगळं ठणकायचं. पण सात रस्त्याजवळच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात काज-बटण करणाऱ्या या माणसानं चाळीस वर्षं हूं की चूं केलं नाही. लंगडा कण्हला की मालक दुसरा माणूस बघतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी बायकोनं, निंगव्वानं, दम दिला तेव्हा तो दवाखान्यात गेला. तिथं वैष्णवी म्याडम नावाच्या तरुण डॉक्टर पोलिओच्या जुन्या रुग्णांवर संशोधन करत होत्या. अफूच्या जातीची जबर गोळी थोड्या मात्रेत दिली तर श्वासाला त्रास न होता दुखणं शमतं का, एवढं बघायचं होतं. दुखणं शून्य ते दहा अशा आकड्यांत सांगायचं. निंगव्वा शेजारी बसली होती म्हणून आकडा खरा निघाला. नऊ.

आणि गोळीनं काय किमया केली म्हणून सांगू! आठवड्याभरात नऊचे तीन झाले. गडी कुशीवर वळून झोपायला लागला. एका सकाळी निंगव्वाला म्हणाला, "अगं, लोकं रोज अशीच जगत्यात व्हय?" तिला रडूच आलं.

सहाव्या आठवड्याला तो एकटाच गेला. म्याडमनी विचारलं, "काका, आता किती?" होते तीनच. पण ज्या पोरीनं झोप दिली, तिच्या तोंडावर 'अजून दुखतंय' म्हणायचं? शोभतं का ते माणसाला? मायाप्पानं हात जोडले. "शून्य! तुमच्या हाताला लई गुण हाय, म्याडम." म्याडम खूश. आता दुखतच नाही त्याला असली गोळी कशाला? त्यांनी पंधरा दिवसांत कमी करत करत ती बंद केली. घ्या! चांगुलपणा असा अंगलट आला.

महिन्याभरात नऊ परत आले. निंगव्वानं त्याला हाताला धरून नेलं.

"म्याडम, मी खोटं बोललो. दुखतंय ओ. लई दुखतंय. गोळी द्या." जन्मात पहिल्यांदा हा माणूस तोंड उघडून बोलत होता. म्याडमनी वेगळा फॉर्म काढला आणि एकेक प्रश्न विचारायला लागल्या.

"गोळी नसली की चैन पडत नाही?"

"न्हाय पडत."

"सारखी तिचीच आठवण येते?"

"यील न्हाय तर काय!"

"आणि आधी खोटी माहिती दिली होती?"

"व्हय."

म्याडमनी फॉर्म दोनदा वाचला. त्यांचाही चेहरा उतरला. "काका, ही तर सवय लागल्याची लक्षणं आहेत. आता ही गोळी मला तुम्हाला देता येणार नाही."

"अवो, नशा कसली? दुखतंय त्यास्नी!" निंगव्वा ओरडली. बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

मायाप्पानं तिचा दंड धरला. "गप. पुन्यांदा कुणाला सांगू नगंस," तो म्हणाला आणि कुबडी टेकत उठला.