अकरा कॉमिक्सची छाट

"आता मले नाई आठवत, भाभी. तीस-पस्तीस वर्साची गोष्ट हाय. शालिकरामभाऊनं कैची लावली असन, नसन. मी काय सांगू?"

एवढं बोलून जमशेदभाईनं मान खाली घातली आन् सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा ओवलेलाच होता.

आवडाबाई दुकानाच्या पायरीखाली उभी होती. डोक्यावर मेथीचं टोपलं तसंच. "असन, नसन काय करता, जमशेदभाऊ? तुमी त्याईचे दोस्त. दुकानातले फाटके पुस्तकं तुमीच शिवत होते. पेटीतल्या पुस्तकाले त्या माणसानं मलेई कधी हात लावू नाई देल्ला. तो कैची लावन काय?"

"मले याद नाई न, भाभी."

"बरं. तुमालेच याद नाई म्हटल्यावर मंग कोणाले राहीन." आन् ती गेली.

जमशेदभाईला सगळं याद होतं. गोष्ट तीस वर्षांची नव्हतीच, पाच महिन्यांची होती. कैचीही नव्हती. छाटायचं यंत्र होतं, आन् ते त्याच्या पाठीमागंच उभं होतं.

रिसोडात जुन्या बसस्टँडजवळच्या गल्लीत जमशेदभाईचं बाइंडिंगचं दुकान आहे. आधी बापाचं, आता याचं. शाळांचे हजेरीपट, ग्रामपंचायतीची रजिस्टरं, कोणाची पोथी, कोणाचं कुराण. पोथी असो का कुराण, हात धुतल्याबिगर हा सुई धरत नाही. पाठ शिवायची, दाबात ठेवायचं, यंत्राचं चाक फिरवून तिन्ही बाजू छाटायच्या, मंग पुठ्ठा. बिनछाटीचं पुस्तक म्हणजे दाढी न करता घोड्यावर बसलेला नवरदेव, असं तो म्हणायचा. चाळीस वर्षांत बिनछाटीचं काम त्याच्या दुकानातून बाहेर गेलं नाही. हाताला तीच सवय.

शालिकराम म्हणजे आवडाबाईचा नवरा. बसस्टँडसमोर तो पोराठोरांना तासावर कॉमिक्स वाचायला द्यायचा. नव्या मालिकेचा पहिला अंक आला की हा दोन प्रती आणायचा. एक भाड्याला, एक लोखंडी पेटीत. कोणी विचारलं तर सांगायचा, "भाड्याचं सहा महिन्यात चिंध्या होते. आलं तवा कसं होतं, हे कोणाले तरी दिसलं पायजे का नाई?" तो गेला, दुकान त्याच्या आधीच गेलं होतं. पेटी राहिली. आवडाबाई गावाबाहेरच्या मळ्यातला भाजीपाला विकते. तिनं गेल्या साली पेटीतल्या अकरा कॉमिक्स संघदीप सरांना विकल्या.

संघदीप सर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. वय पस्तिशीच्या आत, शौक मात्र लहान पोरांसारखा, जुन्या कॉमिक्सचा. सुट्टी लागली की अकोला, अमरावती, नांदेड, जिथं रद्दीचं दुकान तिथं हे. अकराच्या अकरा घेऊन ते जमशेदभाईकडं आले.

"चाचा, मधातून जरा वाकल्या हायेत. दाबात ठेवून फक्त सपाट करून द्या. दुसरं काईच करू नका."

"कुठं चालल्या सवाऱ्या?"

"मुंबईच्या एका कंपनीत. तिथं पानं मोजतेत, डाग पाहतेत, पिना पाहतेत आन् दहापैकी नंबर देतेत. मंग कडक प्लास्टिकच्या डब्यात सील करून वापस पाठवतेत."

"डब्यात? मंग वाचायचं कसं?"

"वाचायचं नाई, चाचा. जपायचं."

"वा सर! माणूस मेल्यावर त्याले पुरतेत. तुमी तर जित्त्या पुस्तकाले दफन करून राह्यले!"

संघदीप सर हसले, पण सोडलं नाही. "असं पाहा, विकणारा म्हणते कोरं हाय, घेणारा म्हणते जुनं झालं. दोघंई आपल्या सोयीचं बोलतेत. मंग ज्याचा दोघाईशी संबंध नाई असा तिसरा माणूस नको? आन् त्यानं एकडाव पाह्यल्यावर त्यात कोणाचा हात जाऊ नये, म्हणून डबा."

"आमच्या रिसोडात अजून माणसाची जबान चालते, सर. शालिकरामभाऊनं पेटीत ठेवलं म्हणजे ते चांगलंच. त्याच्यावर मुंबईवाल्याचा ठप्पा कायले?"

असं छाती काढून बोलला होता जमशेदभाई.

पाचव्या दिवशी त्यानं दाब उघडला. कॉमिक्स पापडासारख्या सपाट. कडा मात्र तांबूस पडलेल्या, एका कोपऱ्याची उंदरानं चव घेतलेली. त्या दिवशी हजेरीपटांचा गठ्ठा चालू होता. हे आटोपलं की ते, ते आटोपलं की हे. त्यानं अकराही एकावर एक रचल्या, यंत्रात सरकवल्या आन् चाक फिरवलं. पातं खाली आलं. सूतभर कागदाची झालर पायाशी पडली.

आन् मंग त्याला संघदीप सरांचं बोलणं आठवलं.

इथवर चूक होती. चूक कोणाच्याही हातून होते. पण जमशेदभाई तिथं थांबला नाही. एक बाजू पांढरीफेक आन् दोन तांबूस, म्हणजे आंधळ्यालाही कळलं असतं. म्हणून त्यानं गठ्ठा फिरवला आन् वरची बाजू छाटली. मंग खालची छाटली. तिन्ही सारख्या झाल्या. झालर झाडून त्यानं चुलीसाठी घरी नेली.

संघदीप सर आले, पाहून खूश झाले. "चाचा, हात हाय का जादू! काल छापल्यासारख्या दिसून राह्यल्या." जमशेदभाईनं त्यांचा चहा प्याला, वरून एक पानही खाल्लं.

पाच महिन्यांनी डबे आले. प्रत्येकाच्या माथ्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर खालचा नंबर आन् पुढं लिहिलेलं, की अंक तीन बाजूंनी छाटलेला आहे. संघदीप सर एक डबा घेऊन दुकानात आले तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं होतं. जमशेदभाईनं डबा उजेडात धरला. त्याच्या यंत्राच्या पात्याला एक बारीक खाच आहे, कुठंही छाट मारली की कडेवर केसाएवढी रेघ उठते. प्लास्टिकच्या आत, कोणी हात लावू शकणार नाही अशा जागी, ती रेघ होती.

"शालिकरामनंच छाटल्या असतीन न, चाचा? भाड्यानं देऊन देऊन कडा फाटल्या असतीन. मंग छाटून पेटीत घातल्या असतीन."

"असन," जमशेदभाई म्हणाला.

त्या एका शब्दावर संघदीप सर तडक भाजीबाजारात गेले आन् आठ-दहा गिऱ्हाइकांदेखत आवडाबाईला बोलले, "तुमच्या मालकानं जुनं छाटून नवं म्हणून ठेवलं. मले फसवलं." तिसऱ्या दिवशी आवडाबाई टोपलं घेऊन जमशेदभाईच्या पायरीशी आली, ती यापायी. मेलेल्या माणसाच्या बाजूनं बोलेल असा तिला गावात हा एकच दिसला होता.

दुपारी जेवताना बायकोनं, अमिरुन्निसानं, ताटात भाकर टाकली ती जरा जोरातच. तिला सगळं माहीत होतं. चुलीत झालर तिनंच घातली होती. "काटे तुम, और नाम मरे हुए का. निवाला उतरता कैसे तुम्हारा?"

उतरत नव्हताच. त्यानं हात धुतले, संघदीप सरांना फोन लावला आन् शाळा सुटल्यावर आवडाबाईच्या दुकानापाशी या, एवढंच सांगितलं.

सर मोटारसायकलवरून उतरतात न उतरतात तोच जमशेदभाई बोलला. दम खाल्ला असता तर बोलणं झालंच नसतं. "सर, छाट माझी हाय. शालिकरामभाऊची नाई. माझ्याच यंत्रावर मारली."

आवडाबाईच्या हातात तराजू होता, तो तसाच राहिला. संघदीप सरांनी गाडी स्टँडवर लावली. "आन् मले असन म्हटलं? तुमच्या रिसोडात जबान चालते म्हणत होते न, चाचा?"

"ठप्पाच खरा निघाला, सर. डबा बोलला, मी नाई बोललो. पुढच्या मिळतीन त्या पाठवाच तुमी. पण माझ्या दुकानात आणू नोका."

"मास्तर," आवडाबाई म्हणाली, "तुमच्या डब्याले कापलेलं दिसलं. कोणं कापलं ते काई दिसलं नाई. ते तुमी आपल्या मनानं लावलं."

संघदीप सरांनी मान खाली घातली. "चुकलं माझं, मावशी."

"चुकलं ते चुकलं. आता लिहून घ्या याच्याकडून."

"लिहून कायले, भाभी? मी बोललो न सगळ्याईसमोर," जमशेदभाई म्हणाला.

"सकाळी मलेई बोललेच होते तुमी."

सरांनी खिशातली वही काढली, जमशेदभाईनं कांद्याच्या पोत्यावर ठेवून लिहिलं. आवडाबाईला वाचता येत नाही. "मोठ्यानं वाचा," ती म्हणाली.

त्यानं वाचलं. शेजारच्या कांदेवाल्यानं हाक मारली, "भाई, इकडे काईच ऐकू येऊन नाई राह्यलं!" दोन-तीन माणसं हसली.

"पुन्ना वाचा," आवडाबाई म्हणाली.

"मी, जमशेद, बाइंडिंगवाला, लिहून देतो की शालिकरामच्या अकरा कॉमिक्स मी छाटल्या. पहिली बाजू चुकून..." इथं त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला. मंग पुढं वाचलं, "...आन् दुसऱ्या दोन जाणूनबुजून."

आता कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. चाळीस वर्षांत ज्यांची रजिस्टरं शिवली, ज्यांच्या पोथ्या बांधल्या, त्यातले तिघं-चौघं तिथंच पिशव्या धरून उभे होते आन् त्याच्याकडं न पाहता वांग्यांकडं पाहत होते.

आवडाबाईनं कागद घडी करून कमरेच्या पिशवीत घातला.

"भाभी..."

"जा आता, जमशेदभाऊ. गिऱ्हाईक अडून राह्यलं."

तो निघाला. संघदीप सर मोटारसायकलवर बसा म्हणाले नाहीत, त्यांनी म्हणावं अशी आशा यानंही धरली नाही. दुकानापर्यंत पायी आला. सकाळी कालवलेल्या खळीवर साय धरली होती. ती त्यानं बोटानं बाजूला केली, पाण्याचे चार थेंब टाकून खळ ढवळली आन् पंचायतीच्या रजिस्टराच्या पाठीला कापडाची पट्टी लावायला बसला. संध्याकाळपर्यंत सात रजिस्टरं द्यायची होती. दोन झाली होती.