‘मला’ की ‘मले’?

अकोल्याहून फोन आला, तेव्हा मी अमरावतीच्या बस स्टँडवर अकोल्याच्याच गाडीची वाट पाहत उभी होते. आजारपणात मॅडम भावाकडे राहायला गेल्यापासून दर रविवारी मी त्यांना भेटायला जायचे. फोन त्या भावाचाच, वसंतकाकांचा होता. “नसरीन, निघाली काय वं?” मी म्हटलं, “हो काका, गाडी लागतेच आहे.” ते म्हणाले, “ताई गेली, पोरी... सकाळीच.” पुढे ते न्यूमोनियाचं, दवाखान्याचं काही सांगत होते. गाडी लागली आणि मी चढले. खरं सांगते, त्या वाटेवर रडूही येत नव्हतं. दुःखाच्या आधी एक भीती येऊन बसली होती... आता विचारायचं कोणाला?

मॅडम म्हणजे डॉ. सुनंदा गावत्रे, मूळच्या अकोल्याच्या. मेंदूच्या पेशींवर संशोधन करत त्यांनी परराज्यातल्या एका प्रयोगशाळेत सगळं आयुष्य काढलं, आणि मग ते सोडून अमरावतीत येऊन कादंबऱ्या लिहू लागल्या. एका कादंबरीत चेहरे ओळखू न येणारी एसटीची कंडक्टर आहे, एकाच प्रवाशाला दोनदा तिकीट विचारणारी. दुसरीत भर वरातीत फिट येणारा बँडवाला. त्या म्हणायच्या, “काचेवर मला पेशी दिसायची. ती ज्याच्या डोक्यात होती, तो घरी जाऊन बायकोशी काय बोलला, ते नाही दिसायचं.” माझे अब्बा अकोटला गाद्या भरतात. मॅडमकडे टायपिंगचं काम मिळालं हे सांगितलं, तर ते हसून म्हणाले, “कैसी डॉक्टर है, जो सुई नहीं देती?” मी हे मॅडमना सांगितलं, तर त्यांना इतकं आवडलं की पुढे कितीतरी दिवस कोणी नवीन माणूस आलं की त्या स्वतःची ओळख तशीच करून द्यायच्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरी हिंदी-उर्दू, गल्लीत वऱ्हाडी आणि वर्गात पुस्तकी मराठी, अशा तीन ठिकाणी मी तीन तऱ्हांनी बोलायचे. मॅडम मात्र सगळीकडे एकच बोलायच्या, स्वच्छ प्रमाण मराठी. तीस-पस्तीस वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाची जपून ठेवलेली भाषा होती ती.

शेवटची कादंबरी त्या येरझाऱ्या घालत सांगायच्या आणि मी टाइप करायचे. गोष्ट एका निवृत्त गुरुजींची होती. जन्मभर मुलांचं मराठी शुद्ध करणारे गुरुजी, आणि त्यांचे शब्द हळूहळू हरवत जातात. सगळं त्यांच्याच तोंडून. एक दिवस सांगता सांगता मॅडम म्हणाल्या, “मले खिडकी दिसत होती.” माझी बोटं थांबली. मी विचारलं, “मॅडम, ‘मला’ की ‘मले’?” त्या वळल्या. “मी काय म्हटलं?” “मले.” बराच वेळ त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “ठेव तसंच.” त्या मधल्या वेळात त्यांनी काय ठरवलं, की फक्त सांभाळून घेतलं, ते मला त्या दिवशीही कळलं नाही.

मग ‘मले’, ‘त्याले’ वाढतच गेले. टाइप करून माझे हात दुखतात म्हणून आम्ही त्यांचं बोलणं फोनलाच लिहून घ्यायला लावलं, तर तो दर ‘मले’चं ‘मळे’ करायचा. “एवढी शेती नाही गं गुरुजींकडे,” म्हणून मॅडम खूप हसल्या. मीही हसले. पण त्याच आठवड्यात चहा करताना त्या ओट्यापाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. “ते दे ना... ते... चहा अडवायचं.” मी गाळणी दिली. त्यांनी ती हातात धरून उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “हे गुरुजींच्या तोंडी घाल. उद्या विसरशील.” विसरण्याची भीती कोणाला होती, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मेंदूच्या या आजाराचा प्रत्येक टप्पा त्यांना पाठ होता. तेव्हापासून त्यांचा एखादा शब्द अडखळला की मी टाइप करता करता स्वतःला विचारायचे. हे गुरुजींचं, की मॅडमचं?

त्या अकोल्याला गेल्या तेव्हा शेवटची दोन प्रकरणं पूर्ण झाली होती. त्यांत गुरुजींचं सगळं सांगणंच वऱ्हाडीत गेलं होतं. एका रविवारी मी ती त्यांना वाचून दाखवायला नेली. वसंतकाका दारातच म्हणाले, “वाच, पन तिले समजनच असं नाई.” मी वाचू लागले आणि कॉलेजच्या सवयीनं माझ्या तोंडून ‘मला’ गेलं. मॅडमनी उशीवरून हात उचलला. “मले,” त्या म्हणाल्या. मी दुरुस्त केलं. थोडं पुढे गेल्यावर मी मुद्दामच ‘मला’ वाचलं. त्या चिडल्या. “अवं, काहून बदलून राहिली? गुरुजी घरी आले न आता. घरी कोनी ‘मला’ मन्ते काय?”

मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि अगदी आदरानं विचारलं, “तुमी कोन होय?”

त्या गेल्यावर काही आठवड्यांनी पुण्याहून प्रकाशनाच्या संपादक बाईंचा फोन आला. त्या आढेवेढे घेत बोलत होत्या. “शेवटी निवेदनाची भाषाच बदललीये. त्यांनी हे मुद्दाम केलंय, की त्या वेळी त्यांची तब्येत... तुम्हाला कळतंय ना? आजारातली घसरण आपण छापली तर त्यांच्यावर अन्याय होईल. आम्ही ते प्रमाण भाषेत करून घेऊ शकतो. शेजारी तुम्हीच होतात, तुम्ही सांगा.” गाडीत येऊन बसलेली भीती ती हीच. बदलायला हो म्हटलं आणि ती कला असली, तर मी त्यांचं पुस्तक पुसलं. नाही म्हटलं आणि तो आजार असला, तर मी त्यांना जगापुढे उघडं केलं. एका बाईला गुरुजी ओळखू येतात आणि समोर बसलेली मुलगी येत नाही... यातून काय सिद्ध होतं? मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं, शेवटचा प्रश्नसुद्धा. म्हटलं, “बदलू नका.”

“तुमची खात्री आहे?”

“नाही,” मी म्हणाले. “पण बदलू नका.”

आता प्रुफं आली आहेत. होस्टेलच्या खोलीत मी ती मोठ्यानं वाचते. मनात वाचून मॅडमचं वाक्य तपासता येत नाही, त्या स्वतःही कधी तसं तपासत नसत. प्रत्येक ‘मले’शी मी किंचित थांबते, कोणी हात उचलतं का म्हणून. काल माझी रूममेट पुस्तक मिटून म्हणाली, “कोनाले वाचून दाखवून राहिली वं?”

“थांब जरा,” मी म्हटलं. “गुरुजींचं वाक्य संपू दे.”