कणगीला दार

माझं पुठ्ठ्या-काड्यांचं काम मी बरीच वर्षं कणगीत बसून केलं. हे सांगितलं की माणसं आधी हसतात. नव्या पोरी तर विचारतात, कणगी म्हणजे काय? तर सांगते. बांबूच्या कामट्यांची विणलेली, बाहेरून शेणमातीनं लिंपलेली, पोटाशी फुगलेली उंच गोल टोपली. घरचं वर्षाचं भात त्यात राहायचं. आमची कणगी माजघरात होती, माझ्या छातीला लागायची. झोडणी झाली की काठोकाठ भरायची, आणि आषाढ सरता सरता तळ दिसायला लागायचा. पण 'रिकामी झाली' असं तोंडानं म्हणायचं नाही. 'तळाला गेली' म्हणायचं. आणि नवं भात येईपर्यंत तळाशी दोन-चार मुठी राखायच्याच, त्या कितीही नड असली तरी काढायच्या नाहीत.

माझं सासर शेणव्याच्या पुढचं, माहेर धसईचं. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात, म्हटलं तर जवळ. मुरबाडला गाडी बदलली की दुपारच्या आत पोचावं. पण नव्वद सालानंतरची गोष्ट, माझी सासू बांधावरून घसरली, कंबर गेली आणि कंबरेबरोबर पायही गेले. त्यांना मी आत्या म्हणायचे. आत्यांची खाट माजघरात टाकली. आमचे हे भातसानगरला धरणावर कामाला, त्यांची पाळी कधी सकाळची तर कधी दुपारची. आम्हाला मूल नाही. दुसरी सून नाही. मग आत्यांची हाक पोचेल तिथवर मी जायचं, असं आपोआपच ठरलं. विहीर पोचत होती. गोठा पोचत होता. शेताचा अलीकडचा बांध वाऱ्याची दिशा बघून. मुरबाडच्या गाडीचा भोंगा रस्त्यावर वाजायचा तो मला ऐकू यायचा, पण रस्त्यापर्यंत आत्यांची हाक पोचत नव्हती.

सणावाराला भाऊ यायचा, धसईच्या बाजारातली वांगी-घेवडा टाकायचा, चहा प्यायचा आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून निघायचा. "तू ये की गो एकदा," म्हणायचा. मी म्हणायचे, "येते." दोघांनाही माहीत असायचं.

हा पुठ्ठ्याचा नाद मला लागला तो आत्या पडायच्या आधी. ह्यांनी मला एकदा धरण दाखवायला नेलं होतं. तिथं एका कचेरीत काचेच्या पेटीत धरणाचा नमुना मांडलेला. अंगठ्याएवढी भिंत, निळ्या रंगाचं पाणी, स्पंजाची झाडं, काडीएवढे विजेचे खांब. मी तिथून हलेनाच. हे म्हणाले, "चल गो, खरं धरण बाहेर हाय, ते बघ ना!" खरं धरण बघितलं मी, मोठं होतं. पण घरी येऊन डोळ्यांपुढे राहिली ती पेटी. एवढं मोठं काहीतरी कुणीतरी हातात मावेलसं केलं होतं.

आत्या खाटेला लागल्या आणि मला धसई आठवायला लागली, तेव्हा ती पेटी कामाला आली. म्हटलं, जाता येत नाही ना, मग करूया. आमचं धसईचं घर, पुढं ओटी, बाजूला पडवी, मागं गोठा, दारात तुळस. भिंतीला चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा. वाश्यांना अगरबत्तीच्या काड्या. आणि कौलं कशी केली सांगू? अगरबत्तीच्या काडीभोवती कागद गुंडाळायचा, खळ लावून वाळवायचा, काडी काढून घेतली की नळी राहते. ती उभी चिरली की दोन नळीची कौलं. वरून गेरूचा हात. अशी शेकड्यानं लागतात.

पण करायचं कुठं? ओटीवर बसले तर येणारी-जाणारी विचारणार, "काय गो, भातुकली?" चुलीपाशी काजळी. जमिनीवर मांडलं तर कोंबडी येऊन भिंतीवर उभी. माजघरात बसले तर आत्यांच्या समोर. त्या पेला वाजवायच्या, पाणी दे, कूस बदल, पाय चेप. ओल्या खळीची भिंत हातात धरलेली, ती उठताना वाकडी, ठेवताना वाकडी. वर प्रश्न, "काय करतंस गो? तांदूळ निवडलंस?"

एका श्रावणात कणगी तळाला गेली म्हणून मी आत उतरले, तळ झाडायला. झाडून झालं आणि जरा टेकले. खरं सांगते, उठवेना. कोंड्याचा वास, चारी बाजूंनी कामटीची भिंत, वर गोल तोंडातून दिसणारं आढं. मला कोणी बघत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून, झोपेत सोडून, असं कधी झालं नव्हतं.

"कुठं हायस गो?" आत्यांची हाक आली.

"इथंच हाय, आत्या."

"मग दिसत नायस?"

"कणगी साफ करतेय."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाल्या, "किती घासतंस त्या कणगीला? चांदीची हाय काय?"

मग मी रीतसर मांडणीच केली. तळाशी गोणपाट, त्यावर पाट, तो माझा टेबल. राखलेल्या भाताच्या मुठी एका वाटीत घालून कडेला, म्हणजे नेम मोडला नाही. बसायला आणि चढून बाहेर पडायला एकच उपाय, रॉकेलचा पालथा डबा. आणि कणगीची आतली भिंत म्हणजे देवानं दिलेलं कपाट. विणीत काहीही खोवा, राहतं. ब्लेड एका जागी, दाभण एका जागी, पिसाचा कुंचला वर, चिरलेल्या काड्या लांबीप्रमाणे. काडेपेट्या एकावर एक चिकटवून खण केले. एकात कौलं, एकात दारं-खिडक्या, एकात तुळशीवृंदावनाचे चिमुकले दगड. अंधारात हात घातला तरी हवं ते सापडायचं. बाहेरच्या घरात माझी स्वतःची अशी पेटीसुद्धा नव्हती, आणि इथं खण होते.

उजेडाचं तेवढं कठीण. आमच्या छपराला मध्ये एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा ठिपका उतरायचा, तो बरोब्बर कणगीत पडेल अशी मी कणगी सरकवली, खांबाला टेकवून. रिकामी, चुकले, तळाला गेलेली कणगी हलकी असते. आत्यांनी आवाज ऐकला. "जागची हलवलीस?"

"भिंतीला ओल आलीय."

ह्यांनी पाळीवरून आल्यावर आत डोकावलं. मी खाली मांडी घालून. हे म्हणाले, "आये, भात सरलं तशी आमी बायको भरून ठेवली." आणि हातपाय धुवायला गेले. ह्यांचा विरोध कधी नव्हता. पण जागा करून देऊ, असंही कधी म्हणाले नाहीत. त्यांना वाटायचं, आहे की हिची जागा.

जागा होती ती फक्त नवं भात येईपर्यंत. मार्गशीर्षात झोडणी झाली की सगळं उपसायचं, गोणीत भरायचं आणि माळ्यावर. आणि माळ्यावर उंदीर. खळ मी तांदळाच्या पिठाची करायचे, घरात तेवढंच फुकटचं. उंदीर-कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायचा असतो हे मला कुठं ठाऊक! दुसऱ्या श्रावणात गोणी उघडली तर भिंतींचा चुरा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दोनदा उंदरांनी माझी धसई खाल्ली. तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, झोडणीच्या आत छप्पर चढवायचं आणि घर पुरं करून भिंतीवर उंच, उंदराला गावणार नाही असं टांगायचं. पुरं झालं नाही तर पुन्हा माळा, आणि चौथ्यांदा सुरू करायचं बळ माझ्यात नव्हतं.

त्या वर्षी भाऊ सांगून गेला होता, धसईचं घर उतरवून स्लॅबचं बांधायचं आहे. म्हणजे बघायला जायचं म्हटलं तरी आता ते घर नसणार होतं.

नवरात्रात छपराची एक बाजू कौलारून झाली. पण दिवस सरतात तसं ऊन कलतं, हे घाईत कोणाच्या लक्षात राहतं? ठिपका कणगीच्या बाहेर पडायला लागला. मी रोज थोडी थोडी कणगी सरकवत गेले, उजेडामागं. खांब मागं राहिला हे मला कळलंच नाही.

आत्यांचा पेला वाजला. मी डब्यावर चढले, काठावर पोट टेकवलं, पाय उचलला, आणि कणगी माझ्यासकट आडवी. आडवी झाली तर झाली, पोटाशी गोल ना ती! लोळत गेली ती थेट खाटेच्या पायाला लागून थांबली. माझं डोकं बाहेर, बाकीची मी आत, केसांत कागदी कौलं.

आत्यांनी खाली बघितलं. आधी म्हणाल्या, "भात सांडलं गो!" राखलेल्या मुठी माजघरभर पसरल्या होत्या. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. आणि त्या हसल्या. पडल्यापासून त्या हसल्या नव्हत्या. खाट हलायला लागली. मलाही हसू आलं, गुडघा सोललेला, तरी.

हसू ओसरल्यावर त्यांना ते घर दिसलं. एका कुशीवर पडलेलं, पण शाबूत. "हे काय?"

"धसईचं घर. माझं."

"आण वर."

मी त्यांच्या पोटावर ठेवलं. खूप वेळ बघत होत्या. कौलावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "माझंबी करशील?"

आत्यांचं माहेर धरणात गेलेलं. अख्खा गाव पाण्याखाली, आणि त्याच पाण्यावर त्यांचा मुलगा नोकरीला. ह्या विषयावर घरात कोणी बोलत नसे. त्या बोलल्या. "ओटा उंच होता आमचा. पानी चढलं तवा समद्यांत शेवटी बुडला तो. मी वरच्या टेकाडावर हुबी व्हते."

नाही कसं म्हणणार? तुम्हीच सांगा.

मग त्यांनीच दाराचं काढलं. "कणगीला खालून दार पाड. चढायला-उतरायला नको, आणि मला हितनं दिसंल, बरोबर करतंस का नाय ते." मी म्हटलं, "आत्या, कणगी कापायची? आणि भात?" तर ह्यांना हाक मारून सांगितलं, "पत्र्याची कोठी आण. समदी आणतात आता. कणगी हिची."

कणगी हिची. ह्या घरात आल्यापासून काही माझं आहे असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

हे कोयता घेऊनच आले. मी त्यांना थांबवलं. "थांबा हो, वीण उसवंल सगळी." आधी दाराच्या जागेच्या दोन्ही अंगाला जाड कामट्या सुतळीनं बांधल्या, वर आडवी एक, आणि मग आतून-बाहेरून ब्लेडनं एकेक पट्टी कापली. दार खाटेसमोर. उजेडही बक्कळ आला, काचेच्या कौलाची गरज उरली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी मी आत जाऊन बसले, तेव्हा समजलं. मान वर केली की आत्यांचे डोळे.

"ती भिंत वाकडी हाय."

"सरळ करते."

"पडवीला दोन खांब व्हते, तीन नाय."

"बरं."

"तुळस परसात व्हती. दारात नाय. दारातली तुमच्या धसईला."

पूर्वी पेला वाजेपर्यंत तरी मी माझी होते. आता पेल्याचीही गरज नव्हती. धसईचं घर मी विणीत वर, दोन दाभणांवर टेकवून ठेवलं. एका बाजूला कौलं, दुसऱ्या बाजूला नुसते वासे. खणातली राहिलेली कौलं आत्यांच्या घराला गेली, कारण त्यांची ओटी मोठी होती. नवी करायला हात होते, पण दिवस लहान होत चालले होते आणि आत्यांना घाई होती. त्या रोज विचारायच्या, "आज होईल?"

झोडणीच्या दिवसांत झालं. उंच ओटा, दोन खांब, परसात तुळस. मी ते त्यांच्या उशाशी कोनाड्यात ठेवलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कडकडा मोडली. ओटीवर हे आणि गडी पोती आणून टाकत होते. कोपऱ्यात नवी कोठी उभी. तिचं झाकण उघडलं की पत्रा वाजायचा. नवं भात तिच्यात पडायला लागलं, आणि त्या वर्षी पहिल्यांदा माझं सामान माळ्यावर गेलं नाही.

त्या दुपारी मी जुन्या लुगड्याचा एक पट्टा फाडला, वरच्या आडव्या कामटीला दोन टाके घातले आणि कणगीच्या दाराला पडदा लावला. आत गेले. धसईचं घर खाली काढलं. अगरबत्तीची काडी घेतली, कागद घेतला. लुगड्यातून पिवळट उजेड येत होता. कोंड्याचा वास अजून होता.

"गो," आत्या म्हणाल्या.

"काय, आत्या?"

"पडदा कशाला?"

मी काडीभोवती कागद गुंडाळायला घेतला.

"दिसत नायस तू. मी काय परकी हाय? आता तुझं घर कर की. मी सांगते बसून."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. पायांवर गोधडी, समोर कोनाड्यातलं बुडालेलं घर, आणि बघायला दुसरं काय तर मी. काडीभोवतीचा कागद मी पुरा गुंडाळून घेतला, सुटू नये म्हणून खळीचं बोट लावलं. मग हात वर करून पडदा एका बाजूला खोचला, तिथंच, विणीत, ब्लेडच्या शेजारी.

"अशी," आत्या म्हणाल्या. "किती कौलं राहिलीत?"