बिनचूकांचा वाळका खुंट

उद्यान खात्यात त्यांना सगळे 'बिनचूक' म्हणत. हे नाव त्यांनीच स्वतःला दिलं होतं. लोकांनी फक्त त्यातला मान काढून ठेवला. काम झाडं तपासायचं. सव्वीस वर्षं मान वर करून फांद्या पाहायच्या आणि वहीत लिहायचं. आपली एकही नोंद चुकली नाही, हे ते भेटेल त्याला सांगत. न भेटेल त्याला घरी गाठून सांगत. निवृत्तीला महिना उरला होता. निरोपाच्या भाषणात साहेबांनी 'एकही चूक नाही' एवढं म्हणावं, की जन्माचं सार्थक! बायको विचारी, "लग्न धरलंत का त्यात?"

तर त्यांनी लिहिलं होतं: बागेतलं मोठं झाड, आडवी फांदी, वीतभर वाळका खुंट, तोडावा. खात्याच्या झपाट्यानं, म्हणजे अवघ्या आठ महिन्यांत, हुकूम निघाला. फांद्या तोडणारा गडी करवत घेऊन शिडीवर चढला आणि थबकला.

"साहेब, खुंटानं डोळा उघडला."

"नोंदीत डोळा नाही. काप," खालून बिनचूक म्हणाले.

"पोटाखाली पिल्लूपण आहे. तेही नोंदीत नसेल."

बिनचूक चडफडत वर चढले. रात्री किडे टिपणारा पक्षी दिवसा आपल्या नेहमीच्या जागी सालीचा रंग घेऊन, चोच वर करून, फांदीचा तुकडा होऊन बसला होता. इतकं निश्चल बसणं खात्यातही कुणाला साधलं नव्हतं. त्याच्या पिसांतून कापसाचा एक गोळा बिनचूकांकडे टकमक बघत होता.

"कापलं तर नोंद खरी, ठेवलं तर तुम्ही चुकलात," गडी म्हणाला. "लवकर बोला, हात भरून आलाय."

बिनचूक तीन पायऱ्या उतरले, दोन चढले. मग शिडीलाच वही टेकवून त्यांनी लिहिलं: 'खुंट जिवंत. मूळ नोंद चुकीची.' अक्षर असं, की मुंगीलाही चष्मा लागावा.

कचेरीत मोठ्या साहेबांनी ते भिंगातून वाचलं. "एक चुकली, मग बाकीच्यांचा काय भरवसा? वहीतले सगळे खुंट पुन्हा तपासा!"

भाषणातलं वाक्य गेलं, वर शिडी गळ्यात पडली. महिनाभर बिनचूक झाडोझाडी चढत आणि खुंटाजवळ तोंड नेऊन हळूच विचारत, "आहेस का रे?"

या विचारपुशीची बातमी पहिल्याच दिवशी त्यांच्या आधी घरी पोचली. जेवायला वाढताना बायको म्हणाली, "अहो, पस्तीस वर्षं मीही या घरात एका जागी बसलेय. मला नाही कधी विचारलंत, आहेस का म्हणून!"

बिनचूकांचा घास तोंडापाशी राहिला. मान वर, पापणी हलेना. तो गडी तिथं असता, तर त्यानं करवतच लावली असती.