दर दोन तासांची कूस

रुग्णालयात त्यांना तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘मोजणीबाई’. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. सव्वीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढल्यावर गेली सहा वर्षं त्यांच्याकडे एकच काम होतं. रोजच्या कामात थोडी थोडी सुधारणा कशी करत राहायची, हे इतर सिस्टरांना, वॉर्डबॉय मामांना आणि कधीमधी एखाद्या डॉक्टरला शिकवायचं.

वर्ग दर गुरुवारी, धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीशेजारी भरे. खोली लांबट, खिडकी एकच.

“मोठं काही धरायचं नाही,” बाई सांगत. “एक खाट, एक दिवस, एक बदल. आधी मोजा, मग बदला, मग पुन्हा मोजा. आणि काही चुकलं तर ‘कुणी’ असं विचारायचं नाही. ‘का’ विचारायचं. एकदा विचारून भागत नाही. पाचदा विचारायचं.”

“बाई,” मागच्या बाकावरून एक मामा म्हणत, “आमची ही घरी एकदाच ‘का’ विचारते, तेवढ्यानंच घाम फुटतो.”

वर्ग हसायचा, बाईही हसायच्या, आणि मग खडू उचलून पुढे जायच्या.

त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे कुशीचा तक्ता. ज्या रोग्यांना स्वतःहून वळता येत नाही, त्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर अंगाखालची कातडी दबून फाटते आणि जखम हाडापर्यंत जाते. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक कागद. सकाळच्या पाळीचे चार चौकोन: आठ, दहा, बारा, दोन. कूस बदलली की चौकोनात लिहायचं, उजवी, डावी की पाठ. बाई दर आठवड्याला सगळे चौकोन मोजत. सुरुवातीला शंभरातले चोपन्न भरलेले निघाले. वर्षभरात शहाण्णव. बाहेरून तपासणीला आलेल्या मंडळींनी फळ्यावर लिहिलेल्या त्या आकड्याचा फोटो काढून नेला होता.

ताई पडली ती त्यानंतर दोन महिन्यांनी.

ताई बाईंपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा बाईंच्या वेण्या तिनंच घातल्या, शाळेचं दप्तर तिनंच भरलं. नर्सिंगला जाते म्हटल्यावर घरात सगळे तोंड फिरवून बसले, तेव्हा “जाऊ दे तिला, मी बघते घरचं” असं म्हणणारीही तीच. बाईंनी लग्न केलं नाही. ताईचे यजमान वारले आणि लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तेव्हापासून दोघी बहिणी एकत्र राहत. एका सकाळी मोरीच्या ओल्या फरशीवर ताईचा पाय सटकला. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन बाईंच्याच रुग्णालयात झालं, आणि ताई दुसऱ्या मजल्यावरच्या हाडांच्या वॉर्डात दाखल झाली.

त्या वॉर्डाची सकाळची सिस्टर म्हणजे चिमणी. बुटकी, सतत बोलणारी, म्हणून हे नाव पडलेलं. बाईंची जुनी विद्यार्थिनी. नोकरीला लागली तेव्हा पहिलं वर्ष बाईंच्याच हाताखाली होती.

चौथ्या दिवशी सव्वाबाराला बाई डबा घेऊन वर गेल्या. ताई पाठीवर पडलेली. बाईंची नजर सवयीनं पायथ्याच्या कागदावर गेली. आठ: डावी. दहा: पाठ. बारा: डावी. दोन: पाठ.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजायला अजून पावणेदोन तास होते. चारही अक्षरं एकाच शाईची, एकाच तिरपेपणाची, एका दमात लिहिलेली. आणि बाराच्या चौकोनाप्रमाणे डाव्या कुशीवर असायला हवी होती ती ताई समोर पाठीवर होती.

“ताई, सकाळपासून तुला वळवलं का गं कुणी?”

“वळवतील. पोरगी एकटी पडते. तिकडे त्या आजोबांची सलाईन निघाली, इकडे ही शेजारच्या खाटेवरची केव्हाची ओरडतेय. तू तिला काही बोलू नकोस हं.”

“बोलायला नको?”

“नको म्हणते ना. तुझं आपलं सगळीकडे मास्तरीणपण. मला काय, झोपायचंच तर आहे.”

बाईंनी ताईच्या दोन पायांमध्ये उशी ठेवली, खांद्याखाली हात घातला आणि तिला डाव्या कुशीवर घेतलं. ताईनं सुटल्यासारखा श्वास सोडला. त्यांनी चिकटलेला गाऊन सरळ केला आणि डबा उघडला. पाठ बघितली नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या पाठी बघणाऱ्या बाईंनी त्या दिवशी सख्ख्या बहिणीची पाठ बघितली नाही.

चिमणीला त्या बोलल्याही नाहीत. ताईनं नको म्हटलं होतं, हे एक कारण. दुसरं त्यांनी स्वतःपाशीही धड उच्चारलं नाही. सोमवारी तपासणीची मंडळी पुन्हा यायची होती. एवढा सोमवार होऊ दे, मग बघू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

सोमवार पार पडला. मंडळी खूश होऊन गेली. नवव्या दिवशी टाके बघायला आलेल्या डॉक्टरनं ताईला वळवलं आणि माकडहाडावरची जखम दिसली. तळहाताएवढी, कडेनं काळी. मग ताप चढला, औषधं बदलली, पुन्हा बदलली. बाविसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला ताई गेली.

भाची तोवर येऊन पोचली होती. एका सरकारी कचेरीत लोकांच्या तक्रारी नोंदवून घ्यायचं तिचं काम. आईच्या कपड्यांच्या घड्या घालता घालता, ताई गेल्याच्या चौथ्या दिवशी तिनं पर्समधून एक कोरा अर्ज काढून टेबलावर ठेवला.

“मावशी, आईला वळवायचं काम कुणाचं होतं?”

“असं एकाचं नसतं गं ते.”

“तुझा वर्ग मला नको. तक्रारीला नाव लागतं. नाव नसलेली तक्रार फायलीतच मरते, मी रोज बघते. मला नाव सांग.”

“उद्या सांगते,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डात गेल्या. चिमणी औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी होती. बाईंना पाहून तिचं बोलणं जिथल्या तिथे थांबलं.

“चौकोन आधी भरतेस ना तू?” बाईंनी विचारलं. “आठ वाजताच?”

“सगळ्याच भरतो.”

“कुणी शिकवलं?”

चिमणीनं त्यांच्याकडे बघितलं. तिला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

“तुम्हीच, बाई. माझा दुसराच दिवस होता. तुम्ही पेन हातात दिलंत आणि म्हणालात, पाळी लागली की आधी कागद उरकून घे, मग दोन्ही हात रोग्याला मोकळे.”

बाईंना आठवलं. पेनही आठवलं. तेव्हा वॉर्डात बारा रोगी असत, आणि आधी लिहिलेलं प्रत्येक काम त्या घड्याळाच्या ठोक्याला करत. लिहिणं म्हणजे स्वतःला दिलेला शब्द होता.

“आता एकतीस आहेत, बाई. आम्ही दोघी. कधी एकच. चौकोन रिकामा राहिला की तुम्ही लाल गोल करायचात. पाठीला कधी केला नाहीत.” चिमणीनं ट्रॉलीचा खण लोटून बंद केला. “तक्रार होणारच, तर द्या माझं नाव. तुमच्या ताई मला ‘बस गं दोन मिनिटं’ म्हणायच्या. मला वाटायचं, गप्पांनाच बोलावतायत.”

बाई जिना उतरल्या.

घरी भाचीनं पेन उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. बाईंनी नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

“हे काय?” भाची म्हणाली. “तू कुठे त्या वॉर्डात होतीस?”

“तो तक्ता माझा आहे. आधी कागद भरायची सवय माझी आहे. मी चौकोन मोजले, पाठी मोजल्या नाहीत. आणि चौथ्या दिवशी मला कळलं होतं. दोनचा चौकोन सव्वाबाराला भरलेला मी डोळ्यांनी पाहिला. गप्प बसले.”

भाचीनं अर्ज आपल्याकडे ओढून घेतला.

“का?”

“तपासणी होती.”

“माझ्या आईपेक्षा तपासणी?”

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“आणि जिनं वळवलं नाही तिचं नाव तरीही देणार नाहीस.”

“तिला काढतील. दुसरी येईल. तीही आठ वाजता चारही चौकोन भरेल.”

“दुसरीचं मला काय करायचंय, मावशी? माझी आई गेलीय.”

पाचदा ‘का’ विचारा म्हणून सहा वर्षं त्या सांगत आल्या होत्या, पण पाचवं उत्तर ज्याची आई गेली आहे त्याला कसं सांगायचं, हे त्यांच्या वर्गात कधी आलंच नव्हतं. भाचीनं अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला, आईची एक शाल उचलली आणि दुपारच्या गाडीनं निघून गेली. जाताना “येते” म्हणाली नाही.

बाईंच्या नावाचा तो अर्ज भाचीनं दिला. चौकशी लागायला आठवडा गेला. मधल्या गुरुवारी बाईंनी वर्गाला खोलीत बसू दिलं नाही. सगळ्यांना घेऊन त्या हाडांच्या वॉर्डात गेल्या. मामांनी एकेका खाटेभोवती पडदा ओढला. स्वतःहून वळू न शकणारे चौदा रोगी होते. चौदाही पाठी पाहिल्या. सहा लाल. दोन फाटलेल्या. बाईंनी वॉर्डातल्या फळ्यावरचं शहाण्णव पुसून तिथे ते दोन आकडे लिहिले. मामांनीही त्या दिवशी विनोद केला नाही. चिमणी भिंतीला टेकून उभी होती, तिच्या हाताला मलमाचा वास येत होता.

मग रुग्णालयाच्या कचेरीतून पत्र आलं. चौकशीचा निकाल लागेपर्यंत वर्ग बंद. बाई घरी बसल्या.

घरी बसल्याच्या बाराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. भाचीचा होता. तिनं ‘कशी आहेस’ असं विचारलं नाही.

“एकच विचारायचंय. आईला दुखत होतं?”

अशा वेळी काय म्हणायचं ते बाईंना तोंडपाठ होतं. नाही हो, काही कळलं नाही त्यांना, शांत होत्या. शेकडो नातेवाइकांना त्यांनी ते सांगितलं होतं आणि लोक त्यावर विश्वास ठेवून, डोळे पुसून घरी गेले होते. ते आत्ता म्हटलं, तर ही पोरगी कदाचित पुन्हा मावशी म्हणून हाक मारेल.

“हो,” बाई म्हणाल्या. “दुखत होतं. शेवटचे दहा दिवस फार.”

पलीकडे भाची रडत होती, पण फोन तिनं ठेवला नाही. बाईही कानाला लावून बसून राहिल्या.

“कुठल्या कुशीवर तिला बरं वाटायचं?” भाचीनं विचारलं.

“डाव्या,” बाई म्हणाल्या.