दुर्वा, पाणी आण

टेंभेकरांच्या घराला संध्याकाळी साडेसात ते आठ या अर्ध्या तासात जी तहान लागायची, ती भर मे महिन्यातही दुसऱ्या कुठल्या घराला लागली नसेल. टीव्हीवरच्या मालिकेत नायक नायिकेच्या जवळ सरकला, मागे बासरी सुरू झाली, की नंदाताईंचा घसा कोरडा पडलाच. "दुर्वा, बेटा, पाणी आण." दुर्वा उठायची, स्वयंपाकघरात जाऊन फिल्टरच्या नळाखाली पेला धरायची आणि बासरी थांबली की परत यायची. पेला टीपॉयवर तसाच राहायचा. ते पाणी नंदाताई सकाळी तुळशीला घालत. त्यांच्या तुळशीइतकी टवटवीत तुळस जबलपूरच्या अख्ख्या महाराजपूर वस्तीत नव्हती.

नंदाताईंचं माहेर नागपूरचं. सासरचे टेंभेकर मात्र पाच-सहा पिढ्यांपूर्वी कुणा मराठा सरदाराच्या चाकरीत जबलपूरला आले आणि इथलेच होऊन गेले. यजमान गुणवंतराव वीज कंपनीत इंजिनिअर. स्वतः नंदाताई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. हृदयाचे कप्पे फळ्यावर असे सुरेख काढायच्या की शेजारच्या वर्गातल्या बाईही बघायला यायच्या. पण प्रजननाचा धडा आला की त्यांच्या हातातला खडू खाली ठेवला जाई. "यह घर पर पढ़ लेना, बेटा." बावीस वर्षांत किती मुलींनी तो घरी वाचला आणि किती घरांनी पुस्तकच मिटवून ठेवलं, देव जाणे.

बाई खोटी नव्हती. कुणाचं वाईट चिंतणारीही नव्हती. ती लहान असताना नागपूरच्या घरात टीव्हीवर असलं काही आलं की वडील उठून ओसरीत जाऊन उभे राहत आणि आई उगाच खोकत असे. कुणी काही सांगितलं नाही, हिनं विचारलं नाही, आणि तशीच ती लग्न होऊन जबलपूरच्या गाडीत बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच तिला माहेराहून मिळालं होतं. तेच तिनं लेकीला द्यायचं ठरवलं.

मग टीव्ही बंद का नाही केला, असं कुणी विचारेल. त्याचं कारण मराठी. दुर्वाला मराठी कळायचं सगळं, पण बोलायला तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडायची. नागपूरला गेली की मामेभावंडं हसायची. म्हणून नंदाताईंनी नियम केला की रोज अर्धा तास मराठी मालिका मायलेकींनी एकत्र बसून पाहायची. शिकवणीची शिकवणी आणि करमणुकीची करमणूक. फक्त तसला सीन आला की पाणी.

आता 'तसला' म्हणजे कसला, हे नंदाताईंच्या मनात अगदी पक्कं होतं. दोघं एकमेकांजवळ आली, हळू बोलायला लागली, हातात हात घेतला, की तसला. नायक नायिकेच्या मागे कॉलेजपासून घरापर्यंत गाडी घेऊन आला, तर तो तसला नव्हे. ती नाही म्हणत असताना मनगट धरून जिन्यावरून ओढत नेलं, तर तोही नव्हे. ती दुसऱ्याशी बोलली म्हणून त्यानं आरशावर मूठ मारून काच फोडली, तेव्हा तर नंदाताईंनी पदर डोळ्याला लावला होता. "किती जीव लावून राहिला बिचारा," त्या म्हणाल्या. दुर्वा शेजारी मांडी घालून बसली होती. त्या भागात तिला एकदाही उठवलं गेलं नाही.

गेल्या वर्षी गावातल्या मराठी मंडळात चर्चास्पर्धा ठेवली होती. विषय होता, मालिकांमधले प्रेमप्रसंग किशोरवयीन मुलांनी पाहावेत का. अध्यक्ष मीराताई. बँकेत बदलून आलेली एक तरुण बाई, हर्षा तिचं नाव, उठून म्हणाली की मुलांसोबत बसून पाहावं आणि नंतर त्यावर बोलावं. सभागृहात कुजबुज झाली. मग नंदाताई उभ्या राहिल्या. "कोवळी मुलं आहेत, त्यांच्यासोबत काय बोलणार? माझ्या घरी एकच उपाय आहे. तसला सीन आला की मुलगी पाणी आणायला उठते. ना भांडण, ना रिमोटची ओढाताण." हशा पिकला, टाळ्या पडल्या. नंदाताईंना पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा जग. तिसऱ्या रांगेत दुर्वा बसली होती. तिच्या मैत्रिणी तिच्याकडे वळून वळून हसत होत्या आणि ती चपलेच्या पट्ट्याशी खेळत खाली बघत होती. नंदाताईंना ते दिसलं. लाजली असेल, असं त्यांना वाटलं.

त्या दिवसापासून पेला गेला आणि जग आला. आणखी एक गोष्ट झाली. दुर्वाला पाणी आण म्हणावंच लागेना. बासरीचा पहिला सूर आला की पोर आपणहून उठायची. "किती समजदार आहे," नंदाताई गुणवंतरावांना सांगायच्या. गुणवंतराव पेपरमधून हुं करायचे.

अकरावीला दुर्वाला नेपियर टाउनच्या कोचिंगला घातलं. स्कूटी घेऊन जायची, सहापर्यंत परत यायची. त्याच कोचिंगमध्ये केतन नावाचा मुलगा होता. बारावी झालेला, प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसलेला. तो आधी तिच्या स्कूटीमागून यायला लागला. मग वळणावर थांबायला लागला. मग ती कुणाशी बोलली, किती वेळ बोलली, याचा हिशेब मागायला लागला. हे सगळं नंदाताईंना पुढे कळलं. तेव्हा त्यांना एवढंच दिसत होतं की पोरगी आरशासमोर जास्त वेळ उभी राहते आणि फुलबाह्यांचे कुर्ते घालते. ऊन लागत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. नंदाताई स्वतःला बरंच काही सांगायच्या.

एका संध्याकाळी मालिकेत पुन्हा तो जिना आणि ते मनगट आलं. दुर्वा टीव्हीकडेच बघत म्हणाली, "आई, असा हात पकडला तर दुखत नाही काय तिला?"

नंदाताई मटार सोलत होत्या. "अगं, राग आला त्याला. जीव आहे ना तिच्यावर."

"मग तिनं काय करायला पाहिजे?"

नंदाताईंचा हात थांबला. प्रश्न मालिकेतल्या मुलीचा नाही, हे आईच्या पोटाला कळलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात पडद्यावर दुसरी खोली आली, मालिकेतला धाकटा दीर आणि त्याची नवी बायको दिसली, आणि बासरी सुरू झाली. नंदाताईंना सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखंच वाटलं, दुसरं काही नाही. "पाणी आण, बेटा," त्या म्हणाल्या.

दुर्वा क्षणभर उठली नाही. आईकडे बघत राहिली. मग जग उचलून आत गेली.

पडद्यावर तो दीर बायकोशेजारी बसला. तिच्या हाताकडे हात नेला आणि थांबला. म्हणाला, "चालेल?" ती म्हणाली, "आज नको, थकलेय." तो हसला, तिच्या पायांवर पांघरूण ओढलं, आणि चहा करायला गेला. बस, एवढंच. नंदाताई मटाराची शेंग हातात धरून बघत राहिल्या. आपल्याला आयुष्यात असं कुणी कधी विचारलं होतं का, हे त्या आठवून पाहत होत्या. डोळे भरून आले तेव्हा त्यांनी ते मनगटानं पुसले.

दुर्वा जग घेऊन आली तोवर धुण्याच्या साबणाची जाहिरात लागली होती. "क्या हुआ?" तिनं विचारलं.

"काही नाही. चहा केला त्यानं," नंदाताई म्हणाल्या.

त्या गोष्टीला पंधरा-वीस दिवस झाले असतील. दुपारी शाळेत फोन आला की दुर्वा पडली, हात मोडला. नंदाताई ऑटो करून दवाखान्यात पोचल्या तर प्लास्टर चढत होतं. उजव्या हाताची दोन्ही हाडं गेली होती. "स्कूटी घसरली," दुर्वा म्हणाली. खरं बाहेरच्या बाकावर कळलं. दुर्वाची मैत्रीण अवंतिका तिथे रडत बसली होती. "आंटी, वो केतन है ना, उसने हँडल पकड़ लिया था. ये बोल रही थी छोड़, छोड़. उसने खींच दिया." स्कूटी तिच्या अंगावर पडली होती. भर रस्त्यात, दिवसाउजेडी, आणि बघणाऱ्यांना वाटलं आपापसातलं भांडण आहे.

गुणवंतराव पोलीस ठाण्यात जायला निघाले. दुर्वा म्हणाली, "बाबा, मैं खुद गिरी." तिथे जाऊनही ती तेच सांगणार होती. गुणवंतराव दोनदा चपला घालून दारापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. शेवटी त्यांनी स्कूटी विकायची आणि कोचिंग बंद करायचं असं ठरवलं. म्हणजे शिक्षा कुणाला झाली, ते बघा.

नंदाताई लेकीच्या खोलीत जाऊन बसल्या. फुलबाही कापावी लागली होती. कोपराच्या वर जुने, पिवळे पडलेले डाग होते, चार बोटांचे. तळहाताच्या फोडासारखी जपलेली पोर, आणि तिच्या दंडावर परक्याची चार बोटं. नंदाताईंना वाटलं आता आपण मोठ्यानं रडणार. रडू आलं नाही.

"काहून नाही सांगितलं मला?"

"तो वाईट नाही आई. मी पडली तर रडून राहिला होता. गुडघ्यावर बसून सॉरी म्हटलं, सगळ्यांसमोर." बोलताना पोरीच्या चेहऱ्यावर एक उजेड आला. नंदाताईंनी तो ओळखला. नायक आरशावर मूठ मारून घेतो, मग नायिकेच्या दाराशी येऊन रडतो, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर तो येत असे.

"दुर्वा, हे प्रेम नाही, बेटा."

"मग काय असते?"

हृदयाचे चारही कप्पे डोळे मिटून काढणाऱ्या बाईला उत्तर सुचेना. शब्द शोधावेत तर घरात शब्दच नव्हते, सतरा वर्षांत आणलेच नव्हते. अखेर त्यांना तो दीर आठवला. "अगं, तो नाही का, विचारतो तिला. ती नको म्हणते, तर हसतो. चहा करतो. असं असते, बघ."

"कोणता?" दुर्वानं विचारलं. "मी नाही पाहिला."

नंदाताईंनी तिच्या उशीची खोळ सारखी केली.

"आणि मी विचारलं होतं तुला," दुर्वा म्हणाली. आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "तू म्हटलं, जीव आहे ना तिच्यावर."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे नंदाताईंना कळलं, पण उजाडून ऊन डोक्यावर आल्यावर. त्यांनी माफी मागितली. दुर्वा "ठीक है मम्मी" म्हणाली आणि डाव्या हातानं पांघरूण ओढून भिंतीकडे वळली. आई म्हणायची ती, नियम होता. त्या दिवसापासून मम्मी झालं.

तरी बाईनं हात-पाय हलवून पाहिले. शाळेत तो धडा उघडला, पहिल्यांदा. पोरी खाली माना घालून हसल्या, दोन पालकांच्या चिठ्ठ्या आल्या, आणि मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आप तो समझदार हैं, मॅडम." घरी त्यांनी ठरवलं की आता मालिका सोबत पाहायची, पूर्ण, आणि प्रत्येक गोष्टीवर बोलायचं. हर्षा म्हणाली होती तसं. साडेसातला टीव्ही लावला. दुर्वा येऊन बसली, प्लास्टरचा हात उशीवर. त्या दिवशीही दीर आणि त्याची बायको होती. बासरी सुरू झाली.

दुर्वा उठली.

"बस बेटा. पाणी नको मला. आज बस माझ्याजवळ."

"आणते ना," दुर्वा म्हणाली, आणि डाव्या हातात जग घेऊन गेली. ओढणीखाली काहीतरी घरघरलं. नळ सुरू झाला, पूर्ण जोरात. जग भरायला लागतो त्याच्या कितीतरी जास्त वेळ तो चालत राहिला, आणि त्याच्या आवाजाखालून दुर्वाचा आवाज येत होता, हळू, हिंदीत. "नहीं, गुस्सा नहीं हूँ... तुम रोओ मत... हाँ, आऊँगी." इतकी वर्षं ती स्वयंपाकघरात बासरी थांबायची वाट बघत उभी राहायची, आणि तिथे तिला हाक मारायला कधी कुणी गेलं नव्हतं. आता जावं, फोन हिसकावावा, दाराला कडी घालावी, हे सगळं नंदाताईंच्या मनात आलं. मनगट धरून ओढून आणावं, असंही आलं. त्या जागच्या उठल्या नाहीत.

पडद्यावर त्या दोघांचं बोलणं संपलं. नळ बंद झाला. दुर्वानं जग आणून टीपॉयवर ठेवला, थोडं पाणी सांडलं, ते तिनं ओढणीनं टिपलं. "घे," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली.

नंदाताईंनी पेल्यात पाणी ओतून घेतलं आणि पहिल्यांदाच तो पेला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. दुसरं काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.